घोडबंदर ते ऐरोली रोज सायकल, महिन्यात तिसरं पंक्चर. टायर बदलू की सायकलच?

कासारवडवली_लोकल

नमस्कार मंडळी. राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोली. जाऊन-येऊन साधारण ३५ किमी पडतात, आठवड्यातले चार दिवस सायकलने जातो. जानेवारीत एकाकडून वापरलेली रोडबाईक घेतली, ॲल्युमिनियमची फ्रेम, कॅलिपर ब्रेक (टायरच्या वर बसून रिम दोन्हीकडून पकडणारे), टायर ७०० बाय २५, म्हणजे २५ मिमी रुंदीचे. मे महिन्यापर्यंत स्वर्ग होता, ट्रॅफिकमध्ये बाईकवाले अडकलेले आणि आपण कडेकडेने सुळकन पुढे.

मग पाऊस आला. पुढचं घोडबंदरवाल्यांना सांगायला नको. गणपतीच्या आधी घाईघाईने खड्ड्यांत खडी टाकली, ती दोन सरींत वर आली आणि आता खड्डे आहेत तिथेच आहेत, वर रस्ताभर खडी सुद्धा आहे. महिन्याभरात तीन पंक्चर. पहिलं कापूरबावडीच्या पुलाखाली, पाणी साचलेलं होतं, मला वाटलं डबकं आहे, तो निघाला खड्डा. दुसरं विटाव्याच्या सबवेत उतरताना, तिथे पंक्चरवाल्याने सायकलकडे बघितलं, व्हॉल्व्हकडे बघितलं आणि म्हणाला "ये अपना काम नहीं". रिक्षावाले घेईनात, शेवटी क्लीटचे बूट (पेडलमध्ये अडकणारे, तळाला कडक खुंटी असलेले) घालून टक टक करत कळवा नाक्यापर्यंत चालत आलो, शाळेची पोरं हसत होती. तिसरं सगळ्यात भारी, ऐरोलीच्या चकाचक रस्त्यावर, ना खड्डा ना खिळा, फुस्स.

बायको म्हणते तू सायकलने जातोस का सायकल तुझ्याने जाते ते एकदा ठरव.

तर प्रश्न असा की २५ चेच पण महागातले टायर घेऊ, का ट्यूबमध्ये ती जेली भरतात ती भरू, का ही विकून सरळ हायब्रिड (सरळ हँडल, जरा जाड टायरवाली) घेऊ? अडचण अशी की डिसेंबरात पहिली २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किमी पुरे करायची लांब पल्ल्याची राईड) करायची मनात आहे आणि हायब्रिडवर ती जमेल का माहीत नाही.

दोन_चाकी_संसार

स्कूटर घ्या :)

ॲलनकी

विकायची घाई नको. आधी सांगा, फाटलेल्या ट्यूब ठेवल्यात का टाकल्या? ठेवल्या असतील तर तीनही फुगवा, बादलीत बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. भोक एक आहे का शेजारी शेजारी दोन? रस्त्याच्या बाजूला आहे, कडेला आहे, का आतल्या म्हणजे रिमच्या बाजूला? बघताना ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमवरच्या व्हॉल्व्हच्या भोकाशी धरा, म्हणजे ट्यूबवरचं भोक चाकावर नेमकं कुठे येतं ते कळेल.

आणि तुमचं वजन किती, हवा किती ठेवता, आणि कशाने बघता? हे कळल्याशिवाय टायर सुचवणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं.

कासारवडवली_लोकल

तिन्ही ट्यूब ड्रॉवरमध्ये होत्या (बायकोचा अजून एक मुद्दा). घमेल्यात बुडवून बघितलं. पहिल्या दोघींना शेजारी शेजारी दोन दोन चिरा आहेत, एकदम जुळ्या. तिसरीला एकच बारीक भोक आणि ते आतल्या बाजूला आहे, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर.

वजन ८२, पाठीवर लॅपटॉपची सॅक तीन-चार किलोची. हवा... अंगठ्याने दाबून बघतो. छोटा हातपंप आहे, दगडासारखं लागलं की थांबतो. आठवड्या-दोन आठवड्याने भरतो.

ॲलनकी

सापडलं. तुम्हाला एक नाही, दोन आजार आहेत.

जुळ्या चिरा म्हणजे साप चावल्याची खूण, तसंच म्हणतात त्याला. खड्ड्याची धार टायरवर आपटते, आत हवा कमी असली की टायर पार चेपून रिमला टेकतो आणि रिमच्या दोन कडा मधल्या ट्यूबला दोन्हीकडून चावतात. खिळा-काच काहीच लागत नाही. म्हणजे महागातला जाड टायर घेऊनही हे पंक्चर झालंच असतं, आणि जेलीनेही थांबलं नसतं, जेली टाचणीएवढ्या भोकासाठी ठीक आहे, असल्या चिरा ती बुजवत नाही.

अंगठ्यावर विश्वास ठेवू नका. बारीक टायर पन्नास पीएसआयलाही (हवेचा दाब मोजायचं एकक) दगडासारखा लागतो आणि नव्वदलाही. छोट्या हातपंपाने पन्नास-साठच्या पुढे हात थकतो, माणसाला वाटतं झालं भरून. त्यात अरुंद टायरमध्ये मुळात हवाच थोडी, ट्यूबमधून ती रोज थोडी थोडी झिरपते, तुम्ही दोन आठवड्यांनी भरताय म्हणजे विटाव्याला पोचलात तेव्हा चाळीस-पंचेचाळीसवर असाल. ८२ अधिक सॅक अधिक सायकल, हे सगळं २५ च्या टायरवर, तर मागे ९५ च्या आसपास आणि पुढे थोडी कमी, ८५-९०. टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. उभा पंप घ्या, काटा असलेला. दर तीन-चार दिवसांनी भरा. टायरच्या आधी हा खर्च.

तिसरं पंक्चर वेगळं. भोक आतून आहे म्हणजे रिमटेप. रिमच्या आत तारांच्या निपलसाठी भोकं असतात, त्यांच्यावर पट्टी असते, ती जुनी झाली की सरकते, मग ट्यूब त्या भोकात फुगून घुसते आणि कडेला घासून घासून एक दिवस जाते. त्याला खड्डा लागतच नाही. टायर काढून आत बोट फिरवा, लगेच कळेल. (हळू फिरवा, कधी कधी काचेचा तुकडा पण बोटालाच सापडतो.)

आता २८ बद्दल. २५ वरून २८ ला गेलात तर टायर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिमी रुंद होतो आणि उंची साधारण तीन मिमी वाढते. कॅलिपर ब्रेकच्या सायकलला जागा कमी असते, म्हणून आधी मोजा. ४ नंबरची ॲलन की (४ मिमी जाडीची षटकोनी किल्ली) घ्या, आत्ताच्या टायरच्या वर आणि ब्रेकच्या खाली सरकवून बघा. ती जेमतेम जात असेल तर २८ घातल्यावर मिलिमीटरभरच उरेल, एक खडा अडकला की चाक जाम. तसं असेल तर नको. सैल जात असेल, खालीवर हलत असेल, तर बिनधास्त. २८ ला तुमच्या वजनाला मागे ८०-८५ पुरे, तेवढंच कमी आपटतं.

सिंहगड_रविवार

एवढं काय त्यात, मी २३ वर ११५ ठेवतो, कात्रज, सिंहगड सगळं करतो, वर्षात एक पंक्चर. हवा टाईट ठेवा आणि हात चालवायला शिका. २८-३२ घालायचे तर मग रोडबाईक घेतलीच कशाला.

ॲलनकी

@सिंहगड_रविवार, तुमचं वजन ५८ असेल आणि रस्ता पुण्याचा असेल तर चालतंय :) पण ११५ ने वेग वाढतो हा जुना समज आहे. चाक फार कडक असलं की खडबडीत रस्त्यावर ते उड्या मारतं, प्रत्येक उडीत तुमची ताकद वर जाते, पुढे जात नाही. काचेसारख्या ट्रॅकवर कडक टायर ठीक. टूर दि फ्रान्सवाले सुद्धा २३ सोडून २८-३० वर आलेत, आणि त्यांना तर कापूरबावडी लागत पण नाही.

सिंहगड_रविवार

वजन ६१ आहे. बाकी चालू द्या.

सकाळची_शिफ्ट

मी ढोकाळीवरून दिघ्याला जाते, पाचवं वर्ष आहे, त्यामुळे तुमचा अर्धा रस्ता माझा पण आहे. वरचं टायरपुराण बरोबर असेल पण मला वाटतं तुमचा खरा घोळ रस्ता निवडण्यात आणि रस्त्यावर कुठे चालवता त्यात आहे. "कडेकडेने सुळकन" हे वाचलं आणि कळलं.

कडेला चालवू नका. घाण सगळी कडेला असते, काचा, खिळे, ट्रकच्या टायरमधून निघालेल्या बारीक तारा, आणि चेंबरची झाकणं पण तिथेच, एक तर रस्त्यापेक्षा चार बोटं खाली नाहीतर वर. लेनच्या डाव्या तिसऱ्या भागात चालवा, म्हणजे चारचाकीचं डावं चाक जिथून जातं तो पट्टा, तो झाडल्यासारखा साफ असतो. सुरवातीला हॉर्न मारतात. मारू देत. कडेला असलात की ते हॉर्न न मारता चिकटून जातात आणि तुम्हाला खड्डा चुकवायला उजवीकडे जागाच उरत नाही, ते जास्त वाईट.

डबक्याचं साधं आहे, तळ दिसत नाही तर तो खड्डा समजायचा. मी कोरड्या दिवसांत रस्ता पाठ करून ठेवते, कुठल्या खांबाला कुठला खड्डा. खोदलेल्यावर लोखंडी प्लेटा टाकतात, त्या ओल्या असल्या की साबण, तिथे ब्रेकही नाही आणि वळणही नाही, सरळ पेडल थांबवून पार व्हायचं. काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांमध्ये जी लांब फट असते ती तुमच्या २५ च्या टायरसाठीच बनवलीय असं समजा, तिच्या बाजूबाजूने चालवायचं नाही, ओलांडायची तर होईल तेवढी आडवी ओलांडा, काटकोनाच्या जवळ जाऊन. मी याच फटीत पडलेय, हनुवटीला तीन टाके आहेत, हेल्मेटने डोकं वाचलं, हनुवटीला काय करणार.

आणि मेन रोडने जाताच कशाला? ब्रह्मांडच्या आतून ढोकाळी, कोलशेत रोड, बाळकुम, साकेत आणि मग कळवा. कोलशेत रोड पण काही गुळगुळीत नाही, पण तिथे खड्डा चुकवला तर मागून कंटेनर येत नाही. दोन किमी जास्त पडेल, पडू दे. पावणेसातला निघालात तर सबवेत गर्दी नसते. जोराच्या पावसात मात्र विटाव्यात उतरूच नका, पाणी भरतं, आणि भरलेल्या पाण्यात कुठलं झाकण उघडं आहे ते देवाला माहीत. त्या दिवशी लोकलने जा, सायकल घरी. मी जाते, लाज कसली.

मागचा लाल लाईट दिवसा पण चालू ठेवा. सॅक पाठीवरून काढा, कॅरियरवर टाका, पाठीवर ओझं असलं की माणूस सीटवर पोत्यासारखा बसतो आणि सगळा धक्का मागच्या चाकाला. कॅरियर बसत नसेल तर सीटखालची मोठी बॅग मिळते.

जुना_डायनॅमो

सकाळची_शिफ्ट ताईंचं वाचून बरं वाटलं. मी नौपाड्यातून दिघ्याला एका कारखान्यात २२ वर्षं सायकलने गेलो, १९७४ पासून. तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यात शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, कळव्याच्या जुन्या पुलावर घंट्यांचा नुसता किणकिणाट. आमचा टायर २८ बाय दीड इंच, म्हणजे तुमच्या भाषेत बहुतेक चाळीसच्या आसपास जाईल. पीएसआय वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं. पंक्चर कमी व्हायची पण व्हालट्यूब जायची. ती बोटाच्या पेराएवढी रबरी नळी असायची, व्हॉल्व्हवर चढवायची, सुकली की चिरते आणि हवा हळूहळू जाते. त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात वितभर व्हालट्यूब असायचीच, कुणाची गेली तर दातांनी तोडून द्यायची, पैसे कुणी घेत नसे. पंक्चर मी घरीच काढायचो, कानशीने घासायचं, सुलेशन लावायचं, फुंकर मारून ते सुकू द्यायचं, आणि मगच ठिगळ. नवखे सुलेशन ओलं असतानाच ठिगळ लावतात, ते दोन दिवसांत निघतं. चिकटायच्या आत बोट लावून बघायचं, बोटाला आलं नाही की लावायचं.

बिनदिव्याची सायकल पोलीस धरायचे. आता कुणी धरत नाही म्हणून लोक बिनदिव्याचे हिंडतात.

एकच सांगतो, खड्डा चुकवणं शक्य नसेल तर बूड उचला. दोन्ही पेडल एका पातळीत आणायची, कोपर आणि गुडघे ढिले, सीटवरून दोन इंच वर. मग सायकल खाली नाचते आणि तुम्ही वर शांत. आमच्या वेळी मागे दुधाची किटली असायची, ती सांडली नाही पाहिजे, त्यातून शिकलो. आणि खड्ड्यात असताना ब्रेक दाबू नका, ब्रेक खड्ड्याच्या आधी.

सकाळची_शिफ्ट

काका, दातांनी तोडून 😄 माझ्या बाबांकडे पण डबीत ती असायची, मला वाटायचं खेळायची आहे.

रागोबा

सगळे त्या बिचाऱ्याला टायर शिकवताय, हवा शिकवताय, बूड उचलायला शिकवताय. रस्ता कुणी करायचा? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय, खड्ड्यामुळे माणूस गेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. म्हणजे पडलात तर आधी खड्ड्याचा फोटो काढा, जागा दिसेल असा, आजूबाजूचा खांब किंवा दुकान येऊ दे त्यात, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. नुसतं "नशीब थोडक्यात वाचलो" म्हणून घरी जाऊ नका. हनुवटीवाल्या ताई, तुम्ही तक्रार केली होती का?

सकाळची_शिफ्ट

नाही हो. तेव्हा हा निकाल पण नव्हता आणि फट म्हणजे खड्डा का यावरच वर्ष गेलं असतं.

ब्रेव्हेवाला

बीआरएमचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. २०० ला १३ तास ३० मिनिटं मिळतात, म्हणजे चहा, वडापाव, पंक्चर सगळं धरून तासाला १५ किमी पडले तरी होतं. हायब्रिडवर आरामात होते, माझ्या पहिल्या २०० ला एक काका साध्या कॅरियरवाल्या सायकलवर आले होते आणि माझ्या आधी पोचले. सायकल कुठली याला नियम नाही, पुढे-मागे लाईट, हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट मात्र लागतं. तेव्हा बीआरएमसाठी रोडबाईक ठेवायची किंवा विकायची असं काही नाही.

तुमचे आठवड्याला १४० किमी ऑफिसातच होतायत, पाया तयार आहे. कमी आहे ते सलग बसायचं. रविवारी पहाटे पाम बीचला जा, वाशी ते बेलापूर आणि परत असे चार फेरे, सपाट आहे, पहाटे बरेच सायकलवाले भेटतात. एका रविवारी येऊरचा चढ तीनदा करा, चढावर दम लागला तर गिअर हलका करा, उभं राहू नका. नोव्हेंबरात एकदा १२० करून बघा, नाशिक हायवेने पडघ्याच्या पुढे जाऊन परत. त्यात पाय दुखतील ते ठीक, पण तळहात बधिर झाले किंवा मान धरली तर सायकलची मापं चुकलीत, ते डिसेंबरच्या आधी बघून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब बदलायला शिका. दोन ट्यूब, दोन लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), ठिगळाचं पाकीट, पंप, आणि एक पितळी अडॅप्टर, प्रेस्टा व्हॉल्व्हवर (रोडबाईकचा बारीक व्हॉल्व्ह) पिळून बसवला की पेट्रोल पंपावर सुद्धा हवा मारता येते, बोटाच्या टोकाएवढा असतो, किंमत किरकोळ. तो आणि एक जादा ट्यूब जवळ असती तर विटाव्याच्या पंक्चरवाल्याने हवा तरी मारून दिली असती. घरी पंख्याखाली बसून मागचं चाक पाच वेळा काढा आणि घाला, मग लाईट बंद करून एकदा. हसू नका, ४०० च्या बीआरएमला रात्री अडीचला पावसात माझं पंक्चर झालं होतं आणि टॉर्च तोंडात धरून तासभर लागला. लिव्हरने टायर चढवू नका, शेवटचा भाग अंगठ्यांनी ढकला, लिव्हरने नवी ट्यूब तिथेच चावते आणि मग माणूस रस्त्यावर बसून रडतो.

कासारवडवली_लोकल

अपडेट. उशीर झाला, दोन आठवडे सगळं करून बघत होतो.

रिमटेप ॲलनकी म्हणाले तसंच, मागच्या चाकात पट्टी चांगली तीन मिमी सरकली होती, एक भोक अर्धं उघडं. नवीन कापडी पट्टी लावली, दोन्ही चाकांना. उभा पंप घेतला, पहिल्यांदा काटा लावून बघितलं तर पुढे ४८ आणि मागे ५२ होते, आणि मी अंगठ्याने "दगड" म्हणत होतो.

४ नंबरची ॲलन की मागे सैल गेली, पुढे ब्रेकखाली जातच नाही, कडेला टेकते. दुकानदार म्हणाला काही नाही होत, घाला २८ पुढे पण, मी नाही म्हटलं. म्हणून मागे २८ आणि पुढे २५ असं खिचडी काम झालंय, दिसायला थोडं विचित्र आहे पण वजन मागेच जास्त आणि दोन्ही साप मागच्याच चाकाला चावले होते. पुढे ८८, मागे ८२.

सॅकचं सीटखालच्या बॅगेत केलं, लॅपटॉप ऑफिसात ठेवायला लागलो. रस्ता कोलशेत-साकेतवरून, सकाळची_शिफ्ट ताई, दोन किमी म्हणालात, साडेतीन पडले, पण सकाळी खाडीच्या बाजूला गारवा असतो त्यामुळे माफ. बूड उचलायचं अजून नीट जमत नाही, उचलतो तेव्हा खड्डा नसतो आणि खड्डा येतो तेव्हा बसलेला असतो.

दोन आठवडे, जवळपास ३०० किमी, एक पण पंक्चर नाही. मागचं चाक अंधारात काढून घालायला १४ मिनिटं लागली, बायकोने टॉर्च मारायचा नाही असं ठरलं होतं पण तिने मारला.

जुना_डायनॅमो

छान. आता दोन्ही चाकांना मडगार्ड लावून घ्या. परतीचा पाऊस अजून बाकी आहे, आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडवू नये.

कासारवडवली_लोकल

काका, कालच दुकानात विचारलं. मागे २८ घातल्यावर मडगार्डला जागाच उरली नाही.